तीच कृती, तीच करवंटी, तरी कार्बन डायऑक्साइडचं शोषण दर खेपेला वेगळं: दोष कुठून शोधायचा?

कार्बन डायऑक्साइड शोषणारा सक्रिय कार्बन, म्हणजे बारीक छिद्रांनी भरलेला कोळसा, बनवणाऱ्या विद्यार्थ्यांची तक्रार बहुतेक वेळा अशी असते. नारळाची करवंटी घेतली, नायट्रोजनमध्ये ५०० अंशांना तिचा कोळसा केला, एकास दोन प्रमाणात पोटॅशियम हायड्रॉक्साइड मिसळून ७०० अंशांना तासभर तापवला (छिद्रं पाडणारी ही पायरी म्हणजे सक्रियण), आम्लाने धुतला, वाळवला. पहिल्या खेपेला २५ अंश आणि एक बार दाबाला ग्रॅममागे ४ मिलिमोलच्या आसपास कार्बन डायऑक्साइड शोषला गेला. दुसऱ्या खेपेला ३ च्याही खाली. तिसऱ्या खेपेला या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी. वहीतली कृती मात्र शब्दशः तीच. (या लेखातली सगळी तापमानं सेल्सिअसमध्ये आहेत. पुस्तकी शब्द अधिशोषण असा आहे, पण प्रयोगशाळेत सगळे शोषणच म्हणतात, म्हणून मीही तेच लिहिते.)

माझ्या पीएचडीचे दोन पावसाळे या कोड्यात गेले. पहिल्या वर्षी मी सगळ्यात मोठी चूक केली ती ही, की आकडा पडला की लगेच कृती बदलायला घेतली. प्रमाण वाढवलं, तापमान वाढवलं, वेळ वाढवला, आणि तिन्ही एकदम. त्यामुळे आकडा पुढे सुधारला तेव्हाही तो कशामुळे सुधारला हे सांगता येईना. तुमच्यापैकी कुणी आत्ता त्याच जागी अडकला असाल तर कृपा करून कृतीला हात लावू नका. आधी दोष मोजमापात आहे, पुडीतल्या भुकटीत आहे की खुद्द कार्बनच्या छिद्रांत आहे, एवढं वेगळं करा. भट्टीचा एक फेरा म्हणजे दोन दिवस जातात. खाली दिलेल्या बहुतेक तपासण्या एका दुपारी होतात.

आधी जुना नमुना चढवा

ज्या खेपेचा आकडा चांगला आला होता तिची थोडी भुकटी उरली असेल तर ती पुन्हा मोजा. तिचाही आकडा पडला असेल तर नव्या खेपेला दोष देण्यात अर्थ नाही. जुना नमुना जागेवर असेल, तर मोजमाप ठीक आहे असं धरून पुढे जा.

जुनी भुकटी उरलीच नसेल (माझी उरली नव्हती, सगळी इतर चाचण्यांना वाटून टाकली होती), तर बाजारात मिळणारा करवंटीचा सक्रिय कार्बन पाच-दहा ग्रॅम घ्या, एकदाच नीट मिसळा, छोट्या काचेच्या कुप्यांत भरून बूच घट्ट लावा आणि डेसिकेटरमध्ये ठेवा. दर महिन्याला एक कुपी मोजायची आणि आकडा भिंतीवरच्या कागदावर लिहायचा. तो नमुना थोर नसला तरी चालतो, स्थिर असला म्हणजे झालं. आमच्या गटात हे सुरू झाल्यावर पहिल्याच पावसाळ्यात लक्षात आलं की नव्या खेपेचा जो आकडा पडला म्हणून आम्ही हळहळत होतो, त्यातला जवळजवळ निम्मा भाग उपकरणाच्या बाजूचा होता.

मोजमापात काय काय हरवतं

पहिलं म्हणजे वजन. आकारमानावर चालणाऱ्या उपकरणात शोषण भागिले नमुन्याचं वजन असा हिशेब असतो, आणि ते वजन निर्वात तापवणीनंतरचं हवं. सच्छिद्र कार्बन दमट हवेत पाणी कसं घेतो ते पाहण्यासारखं आहे: सापेक्ष आर्द्रता कमी असेतो तो फारसं पाणी घेत नाही, पण एका टप्प्यानंतर, साधारण चाळीस-पन्नास टक्क्यांच्या पुढे, वक्र एकदम वर उसळतो. पृष्ठभागावर ऑक्सिजनचे गट जास्त असतील, छिद्रं फार अरुंद असतील किंवा नायट्रोजन मिसळला असेल, तर हा टप्पा आणखी अलीकडे येतो. ऑक्टोबरमध्ये उघड्या टेबलावर तोललेली भुकटी आणि जुलैमध्ये तोललेली भुकटी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. समजा नळीत १०० मिलिग्रॅम भरले आणि त्यात १० मिलिग्रॅम पाणी होतं. निर्वात तापवणीत ते निघून गेलं, पण तुम्ही उपकरणाला १०० च सांगितले. मग खरे ४.० मिलिमोल कागदावर ३.६ दिसतात. नळी तापवणीनंतर पुन्हा तोला. रिकामी नळी ज्या वायूने भरून तोलली, त्याच वायूने भरून तोला.

तापवणी पुरेशी झाली का, हा त्याला जोडूनच येणारा प्रश्न. अरुंद छिद्रांतलं पाणी १०० अंशांना तासाभरात निघत नाही. मी २०० अंशांना रात्रभर ठेवते. उपकरणात गळती तपासण्याची सोय असेल तर तापवणीनंतर पंप बंद करून दाब चढतो का ते पाहा. चढत असेल तर एक तर सांधा गळतोय किंवा नमुना अजून काहीतरी सोडतोय. रिकामी नळी लावून तेच करून पाहिलं की दोन्हींतला फरक कळतो.

दुसरं तापमान. नमुन्याची नळी ज्या पाण्यात बुडलेली असते ते पाणी खरंच २५ अंशांना आहे का? आमचा फिरत्या पाण्याचा यंत्रसंच २५ दाखवायचा, पण लांब नळ्यांतून पाणी येईपर्यंत दुपारच्या उकाड्यात ते तापायचं. यावर थोडं गणित करून पाहा. कार्बनवर कार्बन डायऑक्साइडच्या शोषणाची उष्णता मोलमागे साधारण २० ते ३० किलोज्यूल असते. २५ धरली, तर दाब-शोषण वक्राच्या कमी दाबाच्या सरळ भागात पाणी २५ चं ३० अंश झालं की शोषण सुमारे १५ टक्क्यांनी घटतं. म्हणजे पाच अंशांच्या दुर्लक्षाने अख्खी खेप 'वाईट' ठरते. साधा काचेचा तापमापक नळीशेजारी बुडवून ठेवा.

वजनावर चालणाऱ्या टीजीएमध्ये (नमुना तापवत त्याचं वजन सतत नोंदवणारं यंत्र) दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एक, ते यंत्र बहुधा खोलीतल्या हवेच्या दाबावर चालतं. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, तिथला दाब ९५ किलोपास्कलच्या आसपास असतो, मुंबईत तो १०१ च्या जवळ. पुण्यात टीजीएवर 'एक बार' म्हणून नोंदवलेला आकडा मुंबईतल्या आकड्यापेक्षा तीन-चार टक्के कमी यायचाच. लेखात लिहिताना दाब खरा लिहावा. दुसरी गोष्ट तरंगण्याची. कार्बन डायऑक्साइड नायट्रोजनपेक्षा जड, त्यामुळे वायू बदलला की पात्राला वर ढकलणारं बल वाढतं आणि वजन खोटंच कमी दिसतं. दोन वायूंच्या घनतेत २५ अंशांना मिलिलिटरमागे सुमारे ०.६५ मिलिग्रॅमचा फरक आहे. १५० मिलिग्रॅमचं अॅल्युमिनाचं पात्र ०.०४ मिलिलिटर जागा व्यापतं, म्हणजे साधारण २५ मायक्रोग्रॅमची खोट. नमुना १० मिलिग्रॅम असेल आणि तो १५ टक्के वायू घेत असेल तर ही खोट दोन टक्क्यांच्या आतली. पण नमुना वाचवायचा म्हणून दोन मिलिग्रॅमच ठेवले, तर तीच खोट आठ टक्क्यांवर जाते. रिकाम्या पात्राचा फेरा घेऊन तो वजा करा आणि नमुना भरपूर घ्या.

एककांबद्दल एकच ओळ: एक मिलिमोल म्हणजे ४४ मिलिग्रॅम, आणि प्रमाण तापमान-दाबाला २२.४ घन सेंटिमीटर. आमच्याकडे एकदा दोन विद्यार्थ्यांचं भांडण केवळ या भागाकारावरून झालं होतं.

पहिल्या फेऱ्यात चांगला, दुसऱ्यात पडतो

हे लक्षण वेगळं ओळखा. एकाच नमुन्यावर शोषण, मग सोडणं, पुन्हा शोषण असे पाच फेरे घ्या. निव्वळ भौतिक शोषण असेल तर पाचही फेरे जवळजवळ एकावर एक बसतात. पहिला मोठा आणि पुढचे लहान आले, तर भुकटीत क्षार उरला आहे का हे आधी पाहा. पोटॅशियम कार्बोनेट ओलाव्याच्या सोबतीने कार्बन डायऑक्साइड घेऊन बायकार्बोनेट होतं. ते २५ अंशांना, नुसत्या निर्वातात, सहजी परत सुटत नाही, त्याला शंभर अंशांच्या वरची ऊब लागते. म्हणून पहिल्या फेऱ्यातला आकडा फुगतो आणि दुसऱ्यापासून तेवढी जागा अडकून राहते. ती जागा अडते ती नेमकी आपल्याला हव्या असलेल्या अरुंद छिद्रांच्या तोंडाशी.

इथे मी सगळ्यात जास्त दिवस घालवले, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आम्ही पाण्याचा पीएच सात होईपर्यंत धुवायचो आणि धुणं संपलं असं समजायचो. लिटमस शांत, आम्ही शांत. पण हायड्रोक्लोरिक आम्लाने हायड्रॉक्साइड आणि कार्बोनेट यांचं पोटॅशियम क्लोराइड होतं, आणि ते पाण्यात उदासीन असतं. पीएचच्या पट्टीला ते दिसतच नाही! पट्टी सात दाखवते तेव्हा आम्ल-आम्लारी संपलेलं असतं, मीठ संपलेलं असतंच असं नाही. गाळलेल्या पाण्याच्या शेवटच्या थेंबांत सिल्व्हर नायट्रेट टाकून पाहा. दुधी गढूळपणा आला तर क्लोराइड अजून बाहेर पडतंय. हीच चाचणी आधी तुमच्या डिस्टिल्ड पाण्यावर करा, कारण कधीकधी त्या पाण्यातच क्लोराइड सापडतं आणि मग आपण विनाकारण धूत बसतो.

आणखी पक्की चाचणी राखेची. वाळवलेली भुकटी अर्धा-एक ग्रॅम मूशीत घालून मफल भट्टीत हवेवर पूर्ण जाळा आणि उरलेली राख तोला. करवंटीत मुळात राख फार थोडी, साधारण एका टक्क्याच्या आसपास. सक्रियणात कार्बन जळून गेल्यावर ती थोडी वाढलेली दिसेल, पण सहा-आठ टक्के निघाली तर ते धुणं अर्धवट राहिलंय. आमच्या पडलेल्या खेपांपैकी जिच्यामुळे सगळ्यात जास्त रडकुंडीला आलो होतो, तिची राख पाहिल्यावर मला एका क्षणात उलगडा झाला. तीच भुकटी गरम पाण्यात पुन्हा ढवळून, तासभर ठेवून, चार वेळा गाळली आणि आकडा वर आला. भट्टी पेटवावीही लागली नाही.

गार पाण्याने गाळणकागदावर वरून धुण्यापेक्षा चंचुपात्रात गरम पाण्यात ढवळत ठेवणं कितीतरी चांगलं. अरुंद छिद्रांतून मीठ बाहेर यायला वेळ लागतो. दहा वेळा घाईने धुण्यापेक्षा चार वेळा सावकाश धुवा.

थांबून एक गंभीर गोष्ट सांगायची आहे. ज्यांनी नायट्रोजन मिसळायला युरिया किंवा मेलामाइन घातलं आहे, त्यांनी भट्टीतून निघालेला माल थेट आम्लात टाकू नये. नायट्रोजन, कार्बन आणि पोटॅशियम तापलेले एकत्र आले की पोटॅशियम सायनाइड तयार होऊ शकतं, आणि त्यावर आम्ल पडलं की हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो. आधी फ्यूम हूडमध्ये पाण्याने धुवा, ते पाणी आम्लारीच राहू द्या, तपासा, मार्गदर्शकांना सांगून आम्लारी माध्यमात हायपोक्लोराइटने त्यातला सायनाइड नष्ट करा, आणि त्यानंतरच आम्ल. कृतीच्या तक्त्यात 'आम्लाने धुतले' एवढंच लिहिलेलं असतं, म्हणून हे इथे लिहिलं.

बाटलीतलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड

मोजमाप ठीक, धुणं ठीक, तरी नवी खेप कमी. आता सक्रियणाकडे या, आणि सुरुवात बाटलीपासून करा.

हे आमच्या प्रयोगशाळेतल्या मामांनी दाखवून दिलं. मी नवी खेप लावत होते, ते बाटली उचलून म्हणाले, "ताई, याला पाणी सुटलंय, गोळ्या चिकटल्यात बघा." मी त्याच चिकटलेल्या गोळ्या चमच्याने फोडून तोलत होते. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या नव्या बाटलीतही शंभर टक्के नसतात. सर्रास मिळणाऱ्या गोळ्या सुमारे ८५ टक्के असतात, बाकी बहुतेक पाणी. म्हणजे दोन ग्रॅम तोलले तर खरा माल १.७ ग्रॅम. पावसाळ्यात बाटली चार वेळा उघडली की हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही आत जातात. वरचा थर कार्बोनेट होतो. वहीत एकास दोन लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात एकास दीड किंवा त्याहूनही कमी पडलेलं असतं.

तपासायला बी.एस्सी.ची जुनी अनुमापन पद्धत पुरते: फिनॉल्फ्थलीन आणि मिथिल ऑरेंज हे दोन दर्शक वापरून हायड्रॉक्साइड किती आणि कार्बोनेट किती ते काढा. अर्ध्या तासाचं काम आहे. त्या आकड्यावरून शुद्ध हायड्रॉक्साइडचं वजन ठरवा आणि वहीत तेच लिहा. बाटली छोटी विकत घ्या, पॅराफिल्म लावून डेसिकेटरमध्ये ठेवा, उघडल्याची तारीख वर लिहा.

पाण्यात विरघळवून कोळसा भिजवणाऱ्यांनी वाळवणीकडेही लक्ष द्यावं. उघड्या ओव्हनमध्ये ११० अंशांना रात्रभर ठेवलेल्या आम्लारी लगद्यावर हवा खेळत राहते आणि सकाळपर्यंत त्यातलं बरंचसं कार्बोनेट होतं. कधी दोन दिवस ठेवलं, कधी एक रात्र, तर दोन्ही खेपा सारख्या येणार नाहीत. मी आता खलबत्त्यात कोरडंच मिसळते, चटकन, आणि लगेच नायट्रोजनखाली नेते. चष्मा आणि हातमोजे घालूनच. उडालेला एक कण डोळ्यात गेला तर काय होतं ते मी पाहिलं आहे.

भट्टी

हायड्रॉक्साइड साधारण ३६० अंशांना वितळतं. ४०० च्या पुढे ते कार्बनशी भिडतं आणि पोटॅशियम कार्बोनेट, हायड्रोजन व थोडं पोटॅशियम तयार होतं. सहाशेच्या आसपास हायड्रॉक्साइड बहुतेक संपतं. सातशेच्या पुढे कार्बोनेट आणि ऑक्साइड स्वतः कार्बन खाऊ लागतात, कार्बन मोनॉक्साइड सुटतो, धातुरूप पोटॅशियम थरांत शिरून त्यांना फाकवतं. पोटॅशियमचा उत्कलनबिंदू ७५९ अंश आहे, हे लक्षात ठेवा.

म्हणून ७०० हा आकडा निसरड्या उतारावरचा आहे. ६५० ला एक रसायन चालतं, ७५० ला त्यात दुसरं मिसळतं. भट्टीचा स्वतःचा तापयुग्म (तापमान मोजणारी तारांची जोडी) बहुधा नळीच्या बाहेर असतो आणि त्याचा आकडा आतल्या बोटीचा, म्हणजे माल ठेवायच्या होडीसारख्या पात्राचा, आकडा नसतो. वेगळा तापयुग्म आत सारून, नायट्रोजन चालू ठेवून, नळीच्या लांबीवर दर पाच सेंटिमीटरला तापमान नोंदवा. आमच्या भट्टीत मध्यापासून जेमतेम तळहाताएवढाच पट्टा खरा सपाट होता. बोट त्याच्या बाहेर ठेवली की खेप वेगळी. आता नळीवर खूण केलेली आहे.

नायट्रोजनकडे दोन कारणांनी पाहा. हवेची बारीक गळती असली तर ऑक्सिजन अरुंद छिद्रांच्या भिंतीच खाऊन टाकतो. आणि प्रवाह कमी झाला तर सुटलेली वाफ व मोनॉक्साइड आतच घोटाळतात. बाहेर पडणारा वायू पाण्याच्या बाटलीतून जाऊ द्या, बुडबुड्यांवरून दोन्ही कळतं. बोट निकेलची असेल तर उत्तम. अॅल्युमिना आणि क्वार्ट्ज या दोघांनाही वितळलेलं हायड्रॉक्साइड पोखरतं आणि त्याचा अंश तुमच्या मालात येतो.

माल पूर्ण थंड होईपर्यंत नायट्रोजन बंद करू नका. नळीच्या गार टोकाला जो चकाकता किंवा पांढुरका थर बसतो तो पोटॅशियम असू शकतो. त्यावर पाणी ओतायचं नाही. जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय हात लावायचा नाही.

पृष्ठफळ वाढलं, शोषण घटलं

इथे विद्यार्थी सर्वांत जास्त गोंधळतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही. सक्रिय कार्बन म्हणजे पृष्ठफळ, असंच शिकवलेलं असतं. बीईटी पृष्ठफळ (नायट्रोजनच्या शोषणावरून काढलेलं) ग्रॅममागे १,२०० चौरस मीटरवरून २,५०० झालं आणि कार्बन डायऑक्साइड मात्र कमी झाला, तर माणूस उपकरणावर संशय घेतो.

कार्बन डायऑक्साइडचा रेणू गतिज व्यासाने ०.३३ नॅनोमीटर, नायट्रोजन ०.३६. साध्या तापमानाला, एका बारच्या आत, रेणू धरून ठेवायचा तर त्याला दोन्ही बाजूंच्या भिंतींची ओढ एकाच वेळी लागावी लागते. ०.७-०.८ नॅनोमीटरपेक्षा अरुंद छिद्रांत ते होतं. दाब ०.१५ बार, म्हणजे कोळशावरच्या वीजकेंद्राच्या धुराइतका, असेल तर आणखी अरुंद छिद्रं लागतात. दोन नॅनोमीटरच्या छिद्रात मधली जागा रिकामीच राहते. पण नायट्रोजन मात्र उणे १९६ अंशांना ती जागा भरून टाकतो आणि पृष्ठफळ वाढलेलं दाखवतो. अति सक्रियणात हेच घडतं: शेजारशेजारच्या अरुंद छिद्रांमधल्या भिंती जळतात, दोन बोळांचा एक चौक होतो. चौक मोठा दिसतो, पण आपल्याला बोळ हवे होते.

स्पेनमध्ये ओव्हिएदोच्या कार्बन संस्थेत मार्ता सेव्हिया आणि आंतोनियो फ्युएर्तेस यांनी २०११ साली लाकडाच्या भुशापासून केलेल्या कार्बनचे निकाल दिले, त्यात २५ अंश आणि एक बारला ग्रॅममागे ४.८ मिलिमोल शोषण होतं. हा आकडा सौम्य सक्रियणातून, अरुंद छिद्रांतून आला होता. हायड्रॉक्साइडचं प्रमाण आणि तापमान चढवत नेलं तेव्हा पृष्ठफळ वाढलं, हा फायदा मात्र राहिला नाही. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने, फोल्कर प्रेसर आणि सहकाऱ्यांनी, दाखवलं की एका बारला ०.८ नॅनोमीटरखालची छिद्रं आणि ०.१ बारला ०.५ नॅनोमीटरखालची छिद्रं शोषणाशी सर्वांत चांगली जुळतात. प्रकल्पाच्या पहिल्या आठवड्यात एवढं समजलं असतं तर माझे काही महिने वाचले असते.

तेव्हा निदान असं करा. भट्टीतून काढून, धुऊन, वाळवून उरलेला माल किती टक्के आहे, म्हणजे उतारा किती, हे दर खेपेला लिहा. उतारा कमी, नायट्रोजनचं पृष्ठफळ जास्त, कार्बन डायऑक्साइड कमी: सक्रियण जास्त झालं. तापमान ५० अंश खाली आणा, किंवा प्रमाण कमी करा, दोन्ही एकदम नको. उतारा जास्त, पृष्ठफळ कमी, कार्बन डायऑक्साइडही कमी: सक्रियण अपुरं, किंवा बाटलीतलं हायड्रॉक्साइड अपुरं. पृष्ठफळ कमी पण कार्बन डायऑक्साइड चांगला, असं आलं तर घाबरू नका. उणे १९६ अंशांच्या थंडीत नायट्रोजन सर्वांत अरुंद छिद्रांत इतक्या हळू शिरतो की उपकरण कंटाळून पुढे जातं. तेव्हा शून्य अंशांना कार्बन डायऑक्साइडनेच छिद्रमोजणी करा. आययूपॅक या आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र संघटनेच्या २०१५ च्या अहवालातही सूक्ष्म छिद्रांसाठी नायट्रोजनऐवजी ८७ केल्विनला आर्गॉन, आणि अतिसूक्ष्म छिद्रांसाठी २७३ केल्विनला कार्बन डायऑक्साइड, असं सुचवलेलं आहे.

करवंटी कुठली?

हा भाग लहान आहे, पण विसरू नका. तेलघाणीवरची वाळलेल्या खोबऱ्याची करवंटी, खानावळीतली ओली करवंटी आणि देवळातून आणलेली, तेल-कुंकू लागलेली करवंटी या तिन्हींचा कोळसा सारखा होत नाही. आतलं खोबरं आणि बाहेरचा काथ्या खरवडून काढा, धुवा, वाळवा, कुटा, एकाच चाळणीतून चाळा. मुख्य म्हणजे वर्षभर पुरेल एवढा कोळसा एकदाच करून, मिसळून, एका डब्यात भरून ठेवा. मग खेपांमधला फरक निदान कच्च्या मालाचा नाही एवढी खात्री राहते.

भाताचं तूस वापरणाऱ्यांसाठी गोष्ट पूर्ण वेगळी आहे. तुसात भरपूर सिलिका असते आणि ती हायड्रॉक्साइड स्वतःच खाते, पोटॅशियम सिलिकेट होतं. करवंटीची कृती तुसाला जशीच्या तशी लावली तर कार्बनच्या वाट्याला हायड्रॉक्साइड उरतच नाही.

नळीत चांगला, स्तंभात वाईट

काहींचं आयसोथर्मवर (स्थिर तापमानाच्या दाब-शोषण वक्रावर) सगळं ठीक असतं, पण कार्बन भरलेल्या, वायू वाहत्या स्तंभात क्षमता निम्म्यावर, चौथाईवर येते. यात बऱ्याचदा दोषच नसतो. स्तंभात १५ टक्के कार्बन डायऑक्साइड सोडलात तर तुलना एका बारच्या आकड्याशी करू नका, ०.१५ बारच्या आकड्याशी करा. एका बारला ४ देणारा कार्बन तिथे १ ते १.३ च देईल.

त्याहून कमी आला तर उष्णता पाहा. ग्रॅममागे एक मिलिमोल शोषला की सुमारे २५ ज्यूल उष्णता सुटते. कार्बनची उष्णताधारकता ग्रॅममागे, अंशामागे एक ज्यूलच्या जवळपास. ती उष्णता बाहेर गेलीच नाही तर थर वीस-पंचवीस अंशांनी तापू शकतो, आणि तापलेला कार्बन कमी धरतो. थराच्या मधोमध तापयुग्म बसवलात की हे डोळ्यांना दिसतं. नंतर वायूतली वाफ पाहा: कोरड्या सिलिंडरवर आलेला आकडा वाफेने भरलेल्या वायूवर तसाच येईल अशी अपेक्षा ठेवू नये. कार्बन या बाबतीत झिओलाइट या सच्छिद्र खनिजापेक्षा खूप सोशिक आहे, पण ८० टक्के आर्द्रतेला त्याचीही छिद्रं पाण्याने भरतात.

बिघडलेली खेप टाकू नका

राख जास्त निघालेली खेप गरम पाण्यात पुन्हा धुऊन बहुधा सुधारते. नुसती ओली झालेली, कपाटात वर्षभर पडलेली भुकटी २०० अंशांना निर्वातात रात्रभर ठेवून पुन्हा मोजा. ती पूर्वपदावर आली नाही, तर हवेने पृष्ठभागावर ऑक्सिजनचे गट वाढवलेले असू शकतात. तशी भुकटी नायट्रोजनमध्ये ७०० अंशांना तासभर तापवली की त्यांतले बरेचसे गट निघून जातात. सक्रियण अपुरं राहिलेली खेप थोडं नवं हायड्रॉक्साइड घालून पुन्हा भट्टीत घालता येते, पण तिला वेगळं नाव द्या, पहिल्या खेपांच्या रांगेत बसवू नका.

अति सक्रियण झालेली मात्र परत येत नाही. भिंती जळून गेल्या त्या गेल्याच. तिच्यात रुंद छिद्रं भरपूर असतात, म्हणून मी ती रंगद्रव्य शोषणावर किंवा सुपरकपॅसिटरवर काम करणाऱ्या शेजारच्या टेबलाला देते, कुपीवर उतारा, राख आणि भट्टीचं आतलं तापमान लिहून.